भांगेची नोंद ठेवणारा गोव्याचा वैद्य

डहाणू रोड, खास प्रतिनिधी

डहाणूच्या खाडीजवळचा जुना किल्ला पाहिला की वसईपासून दमणपर्यंतचा हा किनारा एके काळी एकाच सत्तेच्या हाती होता, याची आठवण होते. 1739 मध्ये मराठ्यांनी हा मुलूख जिंकला. तोवर येथील कारभाराचे आदेश गोव्याहून येत. त्याच गोव्यात सोळाव्या शतकात एक पोर्तुगीज वैद्य राहत होता. किनाऱ्यावरच्या माणसांना, झाडांना आणि औषधांना नावानिशी ओळखणाऱ्या या माणसाचे नाव होते गार्सिया द ओर्ता. आंबा, नारळ, हळद, वेलची, चंदन आणि अफू यांच्याबरोबर त्याने भांगेवरही लिहिले. भांगेविषयीचे युरोपीय वैद्याने प्रत्यक्ष पाहून लिहिलेले ते पहिल्या काही वर्णनांपैकी एक मानले जाते. भांगेच्या औषधी उपयोगाविषयी आज जगभर नव्याने चर्चा सुरू असताना या वैद्याचे चरित्र पुन्हा वाचण्यासारखे आहे. भांगेविषयी त्याने काय नोंदवले आणि काय हातचे सोडले, हे त्यात दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्याची साक्ष जपून नोंदवणाऱ्या या माणसाची स्वतःची गत काय झाली, हेही दिसते.

निर्वासितांचा मुलगा

ओर्ताचा जन्म इसवी सन 1501 च्या सुमारास पोर्तुगालच्या सीमेवरील कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा असंख्य कुटुंबांप्रमाणे तेही सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाचच वर्षांनी, 1497 मध्ये, पोर्तुगालमध्येही ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. अशा कुटुंबांना 'नवख्रिस्ती' म्हटले जाई. ते चर्चमध्ये जात, परंतु त्यांच्या घरात काय शिजते आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा का लागतो, यावर शेजाऱ्यांचे लक्ष असे.

मुलगा हुशार निघाला. त्याने सालामांका आणि आल्काला या स्पेनमधील नामांकित विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेतले, गावी परतून व्यवसाय केला आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. पण नवख्रिस्ती माणसाच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर झाली नव्हती. पोर्तुगालमध्ये 'इन्क्विझिशन', म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारे न्यायासन, स्थापण्याच्या हालचाली सुरू होत्या आणि 1536 मध्ये ते स्थापन झालेही. त्याच्या दोन वर्षे आधी, मार्च 1534 मध्ये, ओर्ता मार्तिम आफोन्सो द सोझा या सेनानीच्या ताफ्याबरोबर वैद्य म्हणून जहाजावर चढला. सप्टेंबरमध्ये तो गोव्याला पोहोचला आणि पुन्हा कधीही मायदेशी परतला नाही.

घाटमाथ्यावरचा मित्र

पहिली काही वर्षे तो सोझाबरोबर किनाऱ्यावर हिंडला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 च्या डिसेंबरमध्ये वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली, तो काळ त्याने जवळून पाहिला. दीवला तो गेला, घारापुरीची लेणी त्याने पाहिली. वसई आणि खंबायतच्या बाजूला राहणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांविषयीही त्याने लिहिले. पोर्तुगीज लोक या पारशांना ज्यू समजत. ते ज्यू नव्हेत, इराणातून आलेले वेगळ्या धर्माचे लोक आहेत, असा खुलासा ओर्ताने केला. स्वतःचे ज्यूपण आयुष्यभर झाकून ठेवणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चार ओळींचे वजन कळते. डहाणू-संजाण पट्ट्यातील वाचकाला तर त्या अधिकच जवळच्या वाटतील.

सोझा मायदेशी परतला तरी ओर्ता गोव्यातच राहिला. विजरई आणि गव्हर्नर त्याचे रुग्ण होते, इस्पितळाशी त्याचा संबंध होता. घाट चढून तो अहमदनगरलाही, म्हणजे आजच्या अहिल्यानगरलाही, गेला. तेथील बुऱ्हाण निजामशहाशी त्याची मैत्री जमली. निजामशहाला वैद्यकाची आवड होती. त्याच्या दरबारी अरबी-फारसी परंपरेचे हकीम होते. एकाच वनस्पतीला अरबीत काय म्हणतात, लॅटिनमध्ये काय आणि देशी भाषेत काय, याची चर्चा तेथे चाले. ओर्ताचे खरे शिक्षण याच बैठकांत झाले, असे म्हणावे लागते. दरबारातील एका खुरासानी चिटणिसाची त्याने केलेली नोंद प्रसिद्ध आहे. हा गृहस्थ रोज तीन तोळे अफू खाई. तो सदैव पेंगुळलेला दिसे, पण काम पुढ्यात आले की जाणत्या विद्वानाप्रमाणे बोले. ओर्ताने त्याला नावे ठेवली नाहीत. जे दिसले ते प्रमाणासह लिहून ठेवले.

देशी वैद्यांकडून शिकण्याचीही त्याला लाज वाटली नाही. पटकीच्या साथीचे त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचे मानतात. या रोगाला त्याने जे नाव नोंदवले, ते कोकणी-मराठीतील 'मोडशी' या आपल्याच शब्दाचे रूप आहे. युरोपात असतो तर गॅलनसारख्या प्राचीन ग्रीक आचार्यांविरुद्ध बोलण्याचे धाडस आपल्याला झाले नसते, अशी कबुली त्याने दिली आहे. गोव्यात मात्र तो ग्रंथांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवू शकला.

मुंबईचे आंबे, गोव्याचा छापखाना

1550 नंतरच्या दशकात पोर्तुगीज राजाकडून मुंबईचे बेट त्याला खंडाने मिळाले. आज नौदलाच्या ताब्यात असलेल्या मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या जागी त्याचे घर होते, असे मानले जाते. तेथे त्याचा एक आंबा वर्षातून दोनदा फळे, एकदा मे महिन्यात आणि एकदा वर्षअखेरीस. मुंबईहून त्याच्या कुळाने आंबे घेऊन गलबतातून गोव्याला यावे, असा प्रसंग त्याच्या पुस्तकात आहे.

हे पुस्तक 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात छापून झाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. मुद्रणदोष इतके, की शुद्धिपत्र लांबतच गेले. पोर्तुगीजांचा महाकवी कामोईंश याची छापील रूपात आलेली पहिली कविता याच पुस्तकात आहे.

भारतातील औषधी द्रव्यांविषयीचे पन्नासहून अधिक संवाद, असे या ग्रंथाचे स्वरूप आहे. बोलणारे मुख्यतः दोघे. एक स्वतः ओर्ता आणि दुसरा स्पेनमधून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य. रुआनोला सारे ग्रंथ पाठ आहेत, पण भारत ठाऊक नाही. रुआनो म्हणजे गोव्याला येण्यापूर्वीचा ओर्ताच, असे अभ्यासक म्हणतात. मध्येच एखादी नोकराणी फळ घेऊन येते, मध्येच एखादा देशी वैद्य येऊन बसतो. घरच्या ओसरीवर चालावे तसे हे बोलणे चालते.

आठवा संवाद

यांतला आठवा संवाद भांगेचा आहे. अफूवर त्याने वेगळा संवाद लिहिला आणि भांगेवर वेगळा. नशा आणणारी सारी द्रव्ये एकाच पोत्यात बांधायची नाहीत, ही त्याची पहिली शिस्त. झाडाचे वर्णनही तो जपून करतो. युरोपात दोरासाठी लावतात त्या रोपाहून या झाडाचे बी बारीक आणि कमी पांढरे आहे, खोड काष्ठमय आहे आणि त्याला दोर काढण्याजोगी साल नाही, असे त्याने लिहिले. याच फरकावरून फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने 1785 मध्ये भारतीय भांगेला स्वतंत्र नाव दिले. ओर्ताची नोंद त्याच्या 222 वर्षे आधीची आहे.

पुढे तो तयार करण्याची रीत सांगतो. पानांची आणि कधी बियांचीही पूड करतात. तिच्यात ओली सुपारी, जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर, कस्तुरी यांपैकी ऐपतीप्रमाणे काही घालतात. काही जण अफूही मिसळतात. साखर घालून तिचा पाकही होतो. पूर्वीचे मोठे सरदार श्रमपरिहारासाठी आणि झोप यावी म्हणून मद्याबरोबर किंवा अफूबरोबर ती घेत, असे त्याने ऐकले होते. बहादूरशहाने सोझाला सांगितलेली गोष्टही तो देतो. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान किंवा इराण फिरून यावेसे वाटले, की सुलतान थोडी भांग खाई आणि महालात बसूनच प्रवास करी.

पण या संवादातील खरा ऐवज सुलतानाच्या गोष्टीत नाही. तो ओर्ताच्या घरच्या नोकरांच्या बोलण्यात आहे. धन्याच्या नकळत भांग घेणाऱ्या या नोकरांना त्याने विचारले, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. कामाचे कष्ट जाणवत नाहीत, मन आनंदी राहते आणि भूक फार लागते. ओर्ताने तिन्ही लिहून ठेवल्या. मालकाने रागवावे अशा कृत्याची हकिकत नोकर निर्धास्तपणे सांगतात आणि मालक ती पुराव्यासारखी टिपतो, हे सोळाव्या शतकात विरळाच.

त्याने उलटी बाजूही दिली आहे. घाटमाथ्यावरच्या मुक्कामात त्याच्याबरोबर एक पोर्तुगीज विदूषक होता. त्याने भांगेच्या पाकाचे एक-दोन तुकडे खाल्ले. रात्री त्याला गमतीची धुंदी चढली, बोलणे अस्पष्ट झाले. मग तो एकाएकी खिन्न झाला, रडू लागला आणि त्याला मळमळू लागले. तेच द्रव्य, पण नोकरांना सुख देणारे आणि हसवणे हा ज्याचा धंदा, त्याला रडवणारे. व्यक्तीनुसार परिणाम बदलतो, हा आजच्या औषधशास्त्रातला धडा या छोट्याशा प्रसंगात आहे.

स्वतः ओर्ताने भांग कधी चाखली नाही आणि चाखण्याची इच्छाही नसल्याचे तो स्पष्ट सांगतो. इतके लोक ती घेतात आणि सारखेच अनुभव सांगतात, तेव्हा त्यात काही गूढ नसावे, असा त्याचा निष्कर्ष. मात्र संवादाच्या शेवटी तो हात झटकतो. हे काही आपल्या औषधांतले द्रव्य नव्हे, यावर अधिक वेळ दवडण्यात अर्थ नाही, असे म्हणून तो पुढच्या द्रव्याकडे वळतो.

जे हातून निसटले

येथे थोडे थांबायला हवे. भांगेतील गुणकारी अंश तिच्या चिकट राळेत असतो. ही राळ पाण्यात विरघळत नाही. ती तुपात, दुधाच्या स्निग्धांशात आणि मद्यार्कात विरघळते. भांग दुधात घोटण्याची आपली पद्धत यामुळेच रूढ झाली असावी. औषधी द्रव्याचा अंश मद्यार्कात उतरवला की त्याला टिंक्चर म्हणतात. जखमेवरचे टिंक्चर आयोडीन आपल्या पिढ्यांच्या ओळखीचे आहे. टिंक्चरचा फायदा असा, की औषध थेंबांत मोजता येते. आज दहा थेंब दिले, उद्या पाच, आणि परिणाम ताडून पाहता आला.

ओर्ताच्या गोव्यात दोन्ही गोष्टी हाताशी होत्या. माडाच्या सुरेपासून दारू गाळण्याची कृती त्याने नारळाच्या संवादात दिली आहे. पहिल्या धारेच्या तीव्र दारूला लोक 'फूल' म्हणतात आणि तिच्यात भिजवलेली चिंधी पेट घेते, असे तो लिहितो. भांगेची राळ उतरवायला असा मद्यार्क चालला असता. मद्याबरोबर भांग घेणारे सरदारही त्याला ऐकून ठाऊक होते. तरीही ते फूल आणि ती राळ औषध म्हणून एकत्र आणावीत, मोजावीत, असे त्याला सुचले नाही. आपल्याकडच्या शार्ङ्गधर संहितेत भांगेचा औषधीद्रव्य म्हणून उल्लेख त्याच्या आधीच आलेला होता.

ते काम 276 वर्षांनी कोलकात्यात झाले. आयर्लंडमध्ये जन्मलेला विल्यम ओशॉनेसी हा तेथील मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा अध्यापक होता. भारतात तारयंत्राचे जाळे उभारणारा तो हाच. त्याने संस्कृत पंडितांना आणि फारसी जाणकारांना विचारले, जुने ग्रंथ पाहिले, आधी प्राण्यांवर प्रयोग केले आणि मग 1839 मध्ये गांजाच्या अर्काचे व टिंक्चरचे रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. सुरुवातीची मात्रा जास्त झाली. संधिवाताच्या एका रुग्णाचे हात जिथे ठेवावेत तिथेच राहू लागले, तेव्हा त्याने मात्रा घटवली. धनुर्वातात झटके कमी झाले. पिसाळलेला कुत्रा चावलेला रुग्ण वाचला नाही, पण त्याच्या यातना हलक्या झाल्या. वाचवणे आणि यातना हलक्या करणे यांतला फरक त्याने प्रामाणिकपणे मांडला.

यानंतर हे टिंक्चर लंडनपासून अमेरिकेपर्यंतच्या औषधालयांत पोहोचले. मग ते मागे का पडले? प्रत्येक झाडाची राळ वेगळी असल्याने एका बाटलीचे दहा थेंब दुसऱ्या बाटलीच्या दहा थेंबांसारखे नसत. ठेवून ठेवून औषध निकामी होई. पाण्यात विरघळत नसल्याने त्याची सुई टोचता येत नव्हती आणि मॉर्फीनची येत होती. त्यात कायद्यांची भर पडली. ब्रिटिश औषधसंहितेतून ते 1932 मध्ये, अमेरिकेच्या संहितेतून 1942 मध्ये आणि भारतीय संहितेतून 1966 मध्ये वगळले गेले. त्यातील मुख्य मादक घटक 1964 मध्ये इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी वेगळा काढला, तोवर डॉक्टर नेमके काय देत आहोत हे न कळताच ते देत होते. आज भारतात गांजा आणि चरस 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. भांगेची पाने त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर असली, तरी राज्यांचे स्वतःचे निर्बंध आहेत. भांग असलेली आयुर्वेदिक औषधेही वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. घरगुती प्रयोगांना येथे जागा नाही. विदूषकाचे रडणे त्यासाठी पुरेसे आहे.

साक्ष आणि शिक्षा

ओर्ताच्या पुस्तकाला चांगले दिवस आले. 1567 मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला आणि गोव्याच्या ओसरीवरचे संवाद साऱ्या युरोपातील विद्वानांच्या हाती गेले. घरात मात्र अंधार दाटत होता. त्याची आई आणि दोन बहिणी लिस्बनच्या इन्क्विझिशनच्या तावडीतून सुटून 1549 मध्ये गोव्याला आल्या होत्या. पण 1560 मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही आले. 1563 च्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, हा ग्रंथ तपासला आहे म्हणून, गोव्याच्या पहिल्या इन्क्विझिटरचे नाव छापलेले आहे. ग्रंथात त्याला आक्षेपार्ह काही सापडले नाही.

ओर्ता 1568 मध्ये वारला. त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाची चौकशी सुरू झाली. गार्सिया मनाने ज्यूच होता, अशी जबानी त्याच्या मेहुण्याने दिली. बहीण कातारिना हिला 1569 च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात जिवंत जाळण्यात आले. 1580 च्या डिसेंबरमध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. मेलेल्या माणसावर खटला चालवून त्याला दिलेली ही शिक्षा होती.

ओर्तानेही आयुष्यभर साक्षीच गोळा केल्या होत्या. अफू खाणाऱ्या चिटणिसाची, भांग घेणाऱ्या नोकरांची, रडणाऱ्या विदूषकाची. काय घेतले, किती घेतले आणि मग काय वाटले, एवढेच त्याला हवे होते. खरे बोलल्याबद्दल त्याच्या ओसरीवर कोणाला शिक्षा झाल्याचे त्याने लिहिलेले नाही. ज्या न्यायासनाने त्याची हाडे जाळली, तेथे मात्र जबानी शिक्षेसाठीच घेतली जाई. मादक द्रव्यांविषयी आजही रुग्ण डॉक्टरांशी खरे बोलतो की लपवतो, हे समोरचा माणूस यांपैकी कोणत्या पद्धतीने विचारतो, यावर ठरते. भांगेवरचे संशोधन पुढे जावे असे वाटणाऱ्यांनी आणि तिचा धोका सांगणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ओर्ताच्या मूळ पुस्तकाच्या फार थोड्या प्रती आज शिल्लक आहेत. पणजीत चर्चसमोरच्या चौकातील उद्यानाला त्याचे नाव आहे. संध्याकाळी तेथे मुले खेळतात, म्हातारी माणसे बाकांवर बसतात. कबर नसलेल्या या वैद्याची एवढी एक खूण गोव्यात उरली आहे.